मेदकणांच्या कुपीतून कर्करोगावर औषध : लिपिड नॅनोवाहकांचे विज्ञान आणि भारतीय वाटचाल

कर्करोग हा आज भारतीय आरोग्यव्यवस्थेपुढील सर्वांत मोठ्या आव्हानांपैकी एक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षासाठी देशातील नव्या कर्करुग्णांची संख्या सुमारे १४ लाख ६१ हजार असल्याचा अंदाज वर्तविला होता. दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा रोग होण्याची शक्यता असते, असेही त्याच अभ्यासातून दिसून आले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार हे उपचाराचे तीन प्रमुख आधारस्तंभ होत. त्यांपैकी औषधोपचारात गेल्या तीन दशकांत जे मूलभूत बदल घडले, त्यांत लिपिडपासून, म्हणजेच मेदद्रव्यांपासून बनविलेल्या अतिसूक्ष्म औषधवाहकांचे स्थान महत्त्वाचे आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा विषय विज्ञान व तंत्रज्ञान, आरोग्य आणि सार्वजनिक धोरण या तिन्ही घटकांना स्पर्श करतो. म्हणूनच त्यामागील विज्ञान, त्यातील भारतीय योगदान आणि त्यापुढील प्रश्न यांचा क्रमाने परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ समस्या : औषध प्रभावी, पण दिशाहीन

कर्करोगावरील पारंपरिक रासायनिक औषधे, ज्यांना व्यवहारात ‘केमोथेरपी’ म्हटले जाते, ती झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी तशा असतातच; परंतु अस्थिमज्जेतील, केसांच्या मुळांतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगाने विभाजित होतात. शिरेवाटे दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात पसरते आणि रोगी व निरोगी पेशींत पुरेसा भेद करीत नाही. केस गळणे, उलट्या होणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचेच परिणाम होत.

डॉक्सोरुबिसिन या औषधाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविलेले हे लाल रंगाचे औषध स्तनाच्या कर्करोगासह अनेक प्रकारच्या कर्करोगांवर गुणकारी आहे. मात्र ते हृदयाच्या स्नायूंना इजा पोहोचविते आणि ही इजा औषधाच्या एकूण मात्रेबरोबर वाढत जाते. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे आयुष्यभराची एकूण मात्रा ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास हृदय निकामी होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणजे रोग आटोक्यात येत असतानाही औषध थांबविण्याची वेळ डॉक्टरांवर येऊ शकते.

दुसरी अडचण विद्राव्यतेची. पॅक्लिटॅक्सेल व डोसिटॅक्सेल ही औषधे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यामुळे ती शिरेतून देण्यासाठी विशिष्ट द्रावकांचा आधार घ्यावा लागतो. पॅक्लिटॅक्सेलसाठी एरंडेल तेलापासून बनविलेले क्रेमोफोर आणि डोसिटॅक्सेलसाठी पॉलिसॉर्बेट-८० हे द्रावक वापरले जातात. या द्रावकांमुळेच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते व ती टाळण्यासाठी आधी स्टिरॉइडची मात्रा द्यावी लागते. औषध ज्या साधनातून द्यायचे तेच साधन त्रासदायक ठरावे, अशी ही स्थिती आहे.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय संभवतो. औषध उघडे न सोडता शरीराला परकी न वाटणाऱ्या एखाद्या सूक्ष्म कुपीत बंद करून पाठवावे. लिपिड नॅनोवाहक ही अशीच कुपी होय.

लायपोसोमची रचना

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. म्हणूनच नॅनो तंत्रज्ञानाला मराठीत ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते. औषधवाहक लिपिड कण साधारणपणे १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात.

आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण फॉस्फोलिपिड या रेणूंचे बनलेले असते. या रेणूचे डोके जलस्नेही, तर दोन लांब शेपट्या जलविरोधी असतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत मांडले जातात. डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे, अशी ही मांडणी असते. हा द्विस्तर गोलाकार मिटला की जी पोकळ पिशवी तयार होते, तिला लायपोसोम म्हणतात. तिच्या आतील पाण्यात जलस्नेही औषध आणि भिंतीच्या मेदयुक्त थरात जलविरोधी औषध साठविता येते. भिंतीला घट्टपणा यावा व औषध वाटेत गळू नये म्हणून तिच्यात कोलेस्टेरॉल मिसळतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात या पिशव्यांचे निरीक्षण केले आणि १९६५ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. औषधवाहक म्हणून त्यांचा उपयोग करण्याची कल्पना १९७० च्या दशकाच्या आरंभी ग्रेगरी ग्रेगोरिएडिस यांनी पुढे आणली. प्रत्यक्ष औषध बाजारात येण्यास मात्र आणखी दोन दशके लागली. साधे लायपोसोम रक्तात शिरताच यकृत व प्लीहेतील भक्षकपेशी त्यांना परके समजून गिळून टाकीत, हे या विलंबाचे प्रमुख कारण होते. त्यावर उपाय म्हणून लायपोसोमच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या साखळ्यांचे आवरण चढविण्यात आले. या साखळ्या पाण्याचा थर धरून ठेवतात व भक्षकपेशींपासून कणाचा बचाव करतात. त्यामुळे कण रक्तात दीर्घकाळ टिकतो.

इस्रायलमधील येहेझ्केल बारेनहोल्झ व अल्बर्टो गॅबिझॉन यांच्या संशोधनातून साकारलेल्या ‘डॉक्सिल’ या औषधाला नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. नॅनो आकाराच्या औषधाला मिळालेली ही पहिली मान्यता मानली जाते. त्यात डॉक्सोरुबिसिन भरण्याची पद्धतही कल्पक होती. लायपोसोमच्या आत अमोनियम सल्फेटचे द्रावण ठेवले की बाहेरील औषध आत ओढले जाते आणि तेथे स्फटिकरूपाने अडकून पडते. अशा एका कणात औषधाचे सुमारे दहा ते पंधरा हजार रेणू सामावतात.

गाठीपर्यंतचा प्रवास

ही कुपी नेमकी गाठीत कशी जाते, हा यापुढील प्रश्न. कर्करोगाची गाठ वाढताना स्वतःसाठी घाईने नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. त्यांच्या भिंती सदोष असतात व पेशींमध्ये मोठ्या फटी राहतात. निरोगी रक्तवाहिनीतून १०० नॅनोमीटरचा कण सहसा बाहेर पडू शकत नाही, परंतु गाठीतील फटींतून तो झिरपतो. शिवाय गाठीत लसिकावाहिन्यांची निचरा व्यवस्था दुबळी असल्याने आत गेलेला कण तेथेच साचून राहतो. जपानचे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये या घटिताचे वर्णन केले. ‘वाढीव पारगम्यता व धारणा परिणाम’ या नावाने ते ओळखले जाते आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘ईपीआर’ असे म्हणतात. गाठीत औषध साचण्याच्या या प्रकाराला निष्क्रिय लक्ष्यवेध म्हणतात.

सक्रिय लक्ष्यवेधात याच्या पुढची पायरी गाठली जाते. कर्कपेशींच्या पृष्ठभागावर काही ग्राहक रेणू विपुल प्रमाणात असतात. त्यांना ओळखणारी प्रतिपिंडे किंवा फोलिक आम्लासारखे रेणू नॅनोकणावर जोडले, तर कण त्या पेशींना चिकटण्याची शक्यता वाढते. या दिशेने जगभर पुष्कळ संशोधन झाले. तथापि प्रयोगशाळेतील यश रुग्णालयात उतरविणे कठीण गेले आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘लक्ष्यवेधी’ या शब्दामुळे सर्व औषध गाठीतच जाते असा समज होऊ शकतो. वस्तुस्थिती तशी नाही. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या २०१६ मधील एका बहुचर्चित विश्लेषणात असे आढळले, की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के होते. उरलेले बहुतांश कण यकृत, प्लीहा आदी अवयवांत जातात. माणसातील गाठींमध्ये ईपीआर परिणाम रुग्णागणिक व गाठीगणिक बदलतो, हेही आता मान्य झाले आहे.

मग लाभ कोणता? त्याचे उत्तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मिळते. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ रुग्ण स्त्रियांमध्ये साधे डॉक्सोरुबिसिन व लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिन यांची तुलना करण्यात आली. रोगावरील परिणामकारकता दोहोंची सारखीच ठरली. हृदयाला होणारी इजा मात्र लायपोसोमयुक्त औषधाने स्पष्टपणे कमी झाली. केस गळण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. उलटपक्षी, तळहात व तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास साध्या औषधाने २ टक्के, तर लायपोसोमयुक्त औषधाने ४८ टक्के रुग्णांना झाला. तात्पर्य, नॅनोवाहक औषधाचा मारा दरवेळी वाढवितोच असे नाही. तो प्रामुख्याने औषधाचे शरीरातील वाटप बदलतो. हृदय वाचते आणि त्वचेवर भार येतो. यातील कोणती तडजोड रुग्णाच्या हिताची, याचा निर्णय वैद्यकाने घ्यावयाचा असतो.

लिपिड वाहकांचे प्रमुख प्रकार

लायपोसोम : द्विस्तरीय भिंतीची पोकळ पिशवी. डॉक्सोरुबिसिनखेरीज इरिनोटेकॅन हे औषध या रूपात स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये, तर डॉनोरुबिसिन व सायटॅराबिन यांची १:५ या प्रमाणातील जोडी रक्ताच्या एका तीव्र कर्करोगासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. या जोडीचे वैशिष्ट्य असे की दोन औषधांचे ठरावीक प्रमाण कर्कपेशीपर्यंत राखले जाते.

घन लिपिड नॅनोकण : शरीराच्या तापमानालाही घन राहणाऱ्या मेदाचे हे कण १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पुढे आले. ते सेंद्रिय द्रावकाविना बनविता येतात. परंतु साठवणीत मेदाचे स्फटिक घट्ट होत गेले की औषध बाहेर ढकलले जाते, ही त्यांची उणीव होय.

नॅनोरचित लिपिड वाहक : घन मेदात थोडे द्रव तेल मिसळून वरील उणीव दूर करण्याचा हा प्रयत्न आहे. अव्यवस्थित रचनेमुळे औषधाला अधिक जागा मिळते.

आयनीभवनक्षम लिपिड नॅनोकण : हे आरएनए रेणू वाहून नेण्यासाठी बनविले जातात. यात चार घटक असतात : आम्लधर्मी परिसरात धनभारित होणारे लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलिन ग्लायकॉल जोडलेले लिपिड. रक्तात कण जवळजवळ उदासीन असतो. पेशीने गिळल्यावर तो आम्लधर्मी कप्प्यात धनभारित होतो, कप्प्याचे आवरण भेदतो व आरएनए पेशीद्रव्यात मोकळा करतो.

दिल्ली–मुंबई–गुरगाव : एका भारतीय लायपोसोमची कथा

लायपोसोम तंत्रज्ञान केवळ परदेशातून आले, असा समज चुकीचा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील जैवरसायनशास्त्र विभागात प्रा. बिमलकुमार बच्छावत यांनी लायपोसोमवर मूलगामी काम केले. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व पद्मभूषण यांनी सन्मानित झालेल्या या शास्त्रज्ञाचा भर मूलभूत जीवरसायनाचे रूपांतर उपयुक्त औषधात करण्यावर होता.

त्यांनी निवडलेले औषध होते ॲम्फोटेरिसिन-बी. हे कर्करोगावरचे औषध नव्हे. बुरशीच्या गंभीर संसर्गावरचे आहे. तथापि कर्करोगोपचाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला, बुरशीचा संसर्ग जडतो आणि कर्करोग आटोक्यात येत असतानाही तो संसर्ग जिवावर बेततो. साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना इजा पोहोचविते. बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या घटकाला ते चिकटते. पण मानवी पेशींतील कोलेस्टेरॉललाही काही प्रमाणात चिकटते, हे त्याचे कारण. लायपोसोममध्ये बांधल्यास मूत्रपिंडांवरील आघात बराच कमी होतो.

या औषधाची रुग्णांवरील पारख मुंबईत झाली. परळ येथील केईएम रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकित्सालयीन चाचण्या केल्या. डॉ. क्षीरसागर यांनी पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. उत्पादनाची जबाबदारी गुरगाव (२०१६ पासून गुरुग्राम) येथील लाइफकेअर इनोव्हेशन्स या कंपनीने स्वीकारली आणि २००३ मध्ये ‘फंजिसोम’ या नावाने हे औषध भारतात उपलब्ध झाले. दिल्लीतील विद्यापीठ, मुंबईतील महापालिकेचे रुग्णालय आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एक लहान उद्योग यांच्या सहकार्याचा हा नमुना आहे.

या औषधाची घडण भारतीय परिस्थितीचा विचार करून केलेली होती. फॉस्फोलिपिड व कोलेस्टेरॉल यांचे हे लायपोसोम क्षारद्रावणात तयार मिळतात आणि रुग्णाला देण्यापूर्वी ध्वनिलहरींच्या उपकरणात सुमारे पाऊण तास ठेवून त्यांचा आकार लहान केला जातो. आयात केलेल्या लायपोसोमयुक्त औषधाच्या तुलनेत त्याची किंमत कमी होती व मात्राही सामान्यतः कमी लागे. ज्या कुटुंबाला दररोजच्या कुप्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्याच्या दृष्टीने हा फरक उपचार पूर्ण होणे व अर्धवट सुटणे यांतील फरक ठरू शकतो.

या क्षमतेचे महत्त्व २०२१ मध्ये सर्व देशाला उमगले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळ्या बुरशीचा प्रादुर्भाव झाला आणि लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनची मागणी एकाएकी वाढली. महाराष्ट्र व दिल्लीसह अनेक राज्यांत तुटवडा जाणवला. केंद्र शासनाला राज्यनिहाय वाटप करावे लागले, आणखी कंपन्यांना उत्पादनाचे परवाने द्यावे लागले आणि वस्तू व सेवा कर परिषदेने जून २०२१ मध्ये या औषधावरील कर शून्यावर आणला. लायपोसोमचे उत्पादन ही साध्या गोळीसारखी रातोरात वाढविता येणारी गोष्ट नाही, हा धडा त्यातून मिळाला.

कर्करोगावरील भारतीय नॅनो-औषधे

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील दुसरे उल्लेखनीय उदाहरण ‘नॅनोक्सेल’चे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील प्रा. अमरनाथ मैत्र यांच्या नॅनोकणांवरील संशोधनाच्या आधारे गाझियाबादजवळील साहिबाबाद येथील डाबर रिसर्च फाउंडेशनने पॅक्लिटॅक्सेलचे क्रेमोफोरविरहित रूप विकसित केले. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आले. यातील वाहक लिपिडचा नसून बहुवारिकाचा म्हणजे पॉलिमरचा आहे, हा भेद परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा. डाबर फार्मा कंपनी २००८ मध्ये जर्मनीच्या फ्रेझेनियस काबी समूहाकडे गेली.

लिपिड वाहकांच्या क्षेत्रात भारतीय उद्योगाचे सामर्थ्य २०१२ मध्ये प्रकाशात आले. अमेरिकेत डॉक्सिलचे उत्पादन विस्कळीत होऊन तुटवडा निर्माण झाला, तेव्हा तेथील औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये सन फार्माच्या ‘लायपोडॉक्स’ या भारतीय औषधाच्या तात्पुरत्या आयातीस मुभा दिली. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये याच कंपनीच्या जनेरिक लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिनला नियमित मान्यता मिळाली. अहमदाबादच्या इंटास या कंपनीने अमेरिकेतील जिना फार्मास्युटिकल्सच्या तंत्रज्ञानावर आधारित डोसिटॅक्सेलचे लिपिडयुक्त रूप भारतात आणले. सोयाबीनपासून मिळणारे फॉस्फोलिपिड वापरल्यामुळे त्यात पॉलिसॉर्बेट-८० व अल्कोहोल यांची गरज राहिली नाही.

संशोधनाची परंपराही पुढे चालू आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने युनेस्कोच्या सहयोगाने स्थापन केलेल्या फरिदाबादच्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रात कर्करोगातील लिपिडची भूमिका व लिपिडाधारित औषधवाहक यांवर काम होते. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील औषधनिर्माणशास्त्र विभाग, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था व आयआयटी मुंबई येथेही या विषयाचा अभ्यास होतो. रुग्णसेवेच्या बाजूने पाहता, एम्सची हरियाणातील झज्जर येथील ७१० खाटांची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

आरएनएचे नवे युग

२०१८ मध्ये लिपिड नॅनोकणांतून लघु आरएनए देणारे ‘पॅटिसिरॅन’ हे पहिले औषध एका दुर्मीळ आनुवंशिक विकारासाठी मान्य झाले. २०२० च्या अखेरीस कोविडविरोधी एमआरएनए लसींनी याच वाहकांना घरोघरी पोहोचविले. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या भारतीय एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठविता येत असल्याने अतिशीत साखळीची गरज उरली नाही.

कर्करोगासाठी याच तत्त्वावर वैयक्तिक लसी तयार केल्या जात आहेत. रुग्णाच्या गाठीतील जनुकीय उत्परिवर्तने शोधून, त्यांची माहिती देणारा एमआरएनए लिपिड कणांतून टोचला जातो व रोगप्रतिकार यंत्रणेला कर्कपेशींची ओळख पटविली जाते. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या १५७ रुग्णांवरील चाचणीत अशी लस पेम्ब्रोलिझुमॅब या औषधासह दिली असता, केवळ त्या औषधाच्या तुलनेत रोग परतण्याचा वा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. हे निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि लहान चाचणीवरून सर्वसाधारण निर्णय काढणे योग्य नव्हे. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र लस बनविण्याचा खर्च हा भारतासारख्या देशात कळीचा प्रश्न राहील.

मर्यादा व आव्हाने

पहिले आव्हान स्थैर्याचे. लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते व गोठू द्यावयाचे नसते. महानगरातील रुग्णालयात हे सोपे असले तरी जिल्हा पातळीवर अखंड शीतसाखळी राखणे कठीण असते.

दुसरे आव्हान समरूपतेचे. साध्या औषधाची जनेरिक प्रत करताना रेणू तोच आहे, एवढे दाखविणे बव्हंशी पुरते. नॅनो-औषधात कणाचा आकार, आकारातील एकसारखेपणा, पृष्ठभार, बंदिस्त औषधाचे प्रमाण आणि ते सुटण्याची गती या सर्व बाबी जुळाव्या लागतात. त्यांपैकी एकही बदलली तर औषधाचे शरीरातील वाटप बदलू शकते.

तिसरे आव्हान सुरक्षिततेचे. काही रुग्णांना पहिल्याच मात्रेत धाप, छातीत आवळल्यासारखे वाटणे अशी प्रतिक्रिया येते. म्हणून औषध प्रारंभी संथ गतीने दिले जाते. पॉलिएथिलिन ग्लायकॉलविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन पुढील मात्रा लवकर नष्ट होण्याची शक्यताही अभ्यासली जात आहे.

चौथे व सर्वांत मोठे आव्हान किमतीचे आहे. उपचाराची सोय असूनही ती परवडत नसेल, तर विज्ञानाची प्रगती रुग्णापर्यंत पोहोचली असे म्हणता येणार नाही.

धोरणात्मक पाऊले

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान उपक्रम सुरू केला. त्याचेच विस्तारित रूप असलेल्या नॅनो मिशनला मे २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांच्या सहभागातून ती तयार झाली आहेत. गुणवत्ता, सुरक्षितता व परिणामकारकता यांचे निकष त्यांत घालून देण्यात आले असून, प्रत्येक औषधाचा विचार त्याच्या स्वरूपानुसार करण्यावर भर आहे.

किमतींबाबत, राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये अनुसूचित यादीबाहेरील ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. सवलतीच्या दरातील औषधांसाठी ‘अमृत’ दुकानांची सुरुवात नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या एम्समधून झाली. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे व त्यात कर्करोगोपचारही समाविष्ट आहेत. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाने अनेक रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी करून किमती लक्षणीय प्रमाणात खाली आणता येतात, हे दाखवून दिले आहे.

समारोप

लिपिड नॅनोवाहकांची वाटचाल पाहता तीन निष्कर्ष काढता येतात. एक, ही वाहने चमत्कार घडवीत नाहीत. ती औषधाचे शरीरातील वाटप सुधारतात आणि त्यातून रुग्णाला उपचार सोसण्याची ताकद मिळते. दोन, भारतात विद्यापीठ, सार्वजनिक रुग्णालय व उद्योग एकत्र आले तेव्हा परवडणारे लायपोसोम औषध देशातच निर्माण होऊ शकले. तीन, तुटवड्याच्या काळात आधीच उभारलेली उत्पादनक्षमताच उपयोगी पडते. प्रयोगशाळेतील शोधनिबंधांची संख्या वाढणे स्वागतार्ह आहेच. परंतु जिल्हा रुग्णालयातील रुग्णाला तीच कुपी योग्य तापमानात, खात्रीच्या गुणवत्तेसह व परवडणाऱ्या दरात मिळणे, हाच या क्षेत्रातील धोरणाच्या यशाचा खरा निकष ठरावा.

सरावासाठी प्रश्न

१. लायपोसोममध्ये जलस्नेही व जलविरोधी अशी दोन्ही प्रकारची औषधे कशी साठविली जातात, ते रचनेच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘नॅनोवाहक औषधाची परिणामकारकता वाढविण्यापेक्षा त्याची विषाक्तता कमी करतात.’ लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसिनच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.

३. निष्क्रिय व सक्रिय लक्ष्यवेध यांतील फरक सांगून दोहोंच्या मर्यादा लिहा.

४. साध्या जनेरिक औषधापेक्षा नॅनो-औषधाची समरूपता सिद्ध करणे अवघड का असते? २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे महत्त्व विशद करा.

५. लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनच्या उदाहरणावरून विद्यापीठ, रुग्णालय व उद्योग यांच्या सहकार्याचे सार्वजनिक आरोग्यातील स्थान विवेचन करून मांडा.